स्टेल्वियो : उजव्या वळणांचा घाट

इटलीतल्या स्टेल्वियो खिंडीचं नाव निघालं की ४८ हा आकडा आधी येतो. पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने चढताना इतकी हेअरपिन, म्हणजे रस्ता उलट दिशेला फिरवणारी, वळणं लागतात आणि वर खिंडीची उंची २,७५७ मीटर आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हा घाट स्पोर्ट टूरिंग गाडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान मोटरसायकलवर, करून आलो. जाण्याआधी जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. ४८ ला घाबरू नका. त्यातली निम्मी वळणं डावीकडची आणि ती सहज जमतात. तयारी करायची ती उजव्या वळणांची. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे घाटात आपल्याला डावं वळण आतून, लहान गोलाईत घ्यावं लागतं आणि उजव्या वळणाला रस्त्याची पूर्ण रुंदी मिळते. युरोपात हे नेमकं उलटं होतं. डोळ्यांना, मानेला आणि उजव्या पायाला असलेली सवय तिथे उपयोगी पडत नाही. का, ते पुढे सविस्तर येईल.

कागदांची सुरुवात जानेवारीत केली. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यासाठीच्या भेटीच्या वेळा भराभर संपतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याच्या पॉलिसीत कोणत्या गोष्टींना संरक्षण नाही, ते पान आधी वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत दुचाकी चालवताना झालेला अपघात एक तर धरत नाहीत किंवा ठरावीक सीसीपर्यंतच धरतात. व्हिसासाठी तो विमा चालतो, पण रस्त्यावर चालत नाही. मला वेगळी पॉलिसी घ्यावी लागली.

आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी सारथी पोर्टलवर अर्ज, १,००० रुपये शुल्क आणि मग आरटीओ. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, म्हणून फार लवकर काढू नका. मी एप्रिलमध्ये काढला. पुस्तिका हातात आली की तिथेच उघडून मोटरसायकलच्या वर्गासमोर शिक्का आहे ना, ते बघा. फक्त चारचाकीचा शिक्का असेल तर भाड्याच्या दुकानात गाडी मिळणार नाही. मूळ परवानाही सोबत लागतोच, नुसती पुस्तिका पुरत नाही.

हेल्मेटचंही तसंच. इटलीत ईसीई या युरोपीय मानकाचं प्रमाणित हेल्मेट सक्तीचं आहे, आयएसआयचा शिक्का तिथे धरत नाहीत. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघा. गोलात इंग्रजी ई आणि त्यापुढे देशाचा आकडा असतो. खालचा क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर ते नव्या २२.०६ मानकाचं. काचेला पिनलॉक (वाफ रोखणारी आतली पातळ काच) बसवलेला असू द्या, घाटमाथ्यावर श्वासाची वाफ काचेवर गोठल्यासारखी बसते.

गाडी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये भाड्याने घेतली : यामाहा ट्रेसर ९ जीटी, ८९० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोलसह सुमारे २२० किलो. या वर्गातल्या गाड्यांचं भाडं दिवसाला साधारण १३० ते १८० युरो पडतं. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. करारात तीन ओळी शोधा : अपघातात आपल्या खिशातून जाणारी कमाल रक्कम, टायर आणि काच विम्यात आहेत का, आणि गाडी कोणकोणत्या देशांत नेता येते. शेवटची ओळ या घाटासाठी मोलाची आहे, कारण परतीची वाट स्वित्झर्लंडमधून जाते.

गाडी ताब्यात घेताना अर्धा तास द्या. लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, बाजूच्या पेट्यांचे खालचे कोपरे आणि सायलेन्सर यांचे फोटो काढा. गाडी उभ्याउभ्या पडली तरी खुणा तिथेच उमटतात. ब्रेक पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघा. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण ओल्या घाटासाठी ती कमी पडते. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर बदलून मागा. माझ्या गाडीचा मागचा टायर मध्यभागी सपाट झाला होता. हायवेवर सरळ पळालेल्या गाड्यांचं हे नेहमीचं. असा टायर वळणात कलताना एका कडेवरून एकदम पडल्यासारखा वाटतो. विनंती केल्यावर त्यांनी दुसरी गाडी दिली, फक्त तासभर थांबावं लागलं. ऑस्ट्रियात मोटरसायकलवरही प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे, ती सीटखाली आहे का तेही बघून घ्या. तिथल्या मोटरवेवर जाणार असाल तर विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, गाडीच्या नंबरवर भरलेला आहे ना, हे विचारा.

नोंदणीपत्रात यू.१ नावाचा रकाना असतो, उभ्या गाडीच्या आवाजाचा. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या रॉयट जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वरच्या गाड्यांना बंदी आहे. स्टेल्वियोच्या वाटेवर हा भाग लागत नाही, पण हान्तेनयोख किंवा लेख खोऱ्याकडे वळायचं मनात असेल तर आकडा बघून ठेवा.

सामान बांधणं हा या घाटाचा अर्धा भाग आहे. जड वस्तू बाजूच्या पेट्यांत, तळाशी आणि पुढच्या बाजूला. दोन्ही पेट्यांचं वजन जवळपास सारखं. मागची वरची पेटी मी लावलीच नाही. ती मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे तिच्यातलं वजन पुढचं चाक हलकं करतं. चढावर आधीच वजन मागे गेलेलं असतं आणि मग आवळ वळणात हँडल पोकळ लागतं. त्यानंतर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवा. सामानाने गाडी मागे बसली की पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो, गाडी वळायला आळस करते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो. हवा थंड टायरमध्ये भरायची : पुढे २.५ बार, मागे २.९. तिकडचे पंप बारमध्येच दाखवतात. आपल्या मापात ३६ आणि ४२ पीएसआय.

इन्सब्रुकहून लांडेक, मग १,५०० मीटरवरची रेशेन खिंड आणि उतरून प्रातो, असा दीडशेक किलोमीटरचा पहिला दिवस. रेशेनच्या तलावात १९५० मध्ये बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पाण्याबाहेर उभा आहे. तिथल्या मोठ्या पार्किंगमध्ये संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर अर्धा तास सराव केला, आणि संपूर्ण प्रवासात याहून उपयोगी अर्धा तास दुसरा नव्हता. पार्किंगच्या तीन जागांच्या रुंदीत, म्हणजे साधारण साडेसात मीटरमध्ये, उजवीकडे पूर्ण गोल वळायचं. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर स्थिर, वेग फक्त हाफ क्लचवर आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबावर. पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून टाकायची. मान उजव्या खांद्यावरून मागे, नजर वळण जिथे संपणार तिथे. पहिली चार-पाच वर्तुळं मोठी होतात, मग जमतं.

स्पोर्ट टूररला हा सराव जास्तच लागतो. ॲडव्हेंचर गाडीचं हँडल रुंद असतं आणि बरंच वळतं. इथे फेअरिंगमुळे, म्हणजे पुढच्या आवरणामुळे, हँडल कमी वळतं, आणि हायवेसाठी बनवलेला पहिला गिअर उंच असतो, त्यामुळे दहा-बारा किलोमीटरच्या वेगाला इंजिन धडपडायला लागतं.

पेट्रोल खोऱ्यातच भरून घ्या, घाटात पंप नाही. इटलीत बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलिओ म्हणजे डिझेल. एकाच पंपावर दोन दर दिसतात : स्वतः भरायचा स्वस्त, माणसाने भरून द्यायचा महाग. स्वतः भरताना मशीन कार्डावर आधी मोठी रक्कम अडकवतं, फरक नंतर सुटतो.

मंगळवारी सकाळी साडेसहाला निघालो. शनिवार-रविवार टाळा. घाट साधारण मे अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतो आणि शरद ऋतूत बर्फ पडला की बंद होतो, पण ऐन उन्हाळ्यातही एका रात्रीत बर्फ पडू शकतो. म्हणून निघण्याआधी इटलीतल्या दक्षिण टिरोल प्रांताच्या वाहतूक माहिती सेवेत रस्ता उघडा असल्याची खात्री करा. पायथ्याशीही फलक असतो. वर्षातून एखादा दिवस घाट फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात, तीही तारीख बघा. टोल भरावा लागला नाही.

प्रातो ९०० मीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे माथा गावापेक्षा बारा अंशांनी थंड. खाली १४ अंश होते. बाहेरच्या जॅकेटखालचा थर खालीच चढवा. वळणांच्या मधोमध थांबून कपडे बदलायला जागा मिळत नाही.

पहिले काही किलोमीटर ओढ्याच्या कडेने सोपे आहेत. गोमागोई गेलं की त्राफोईच्या आधी पहिलं हेअरपिन येतं, ४८ क्रमांकाचं. आकडे वर जाताना उतरत जातात आणि १ नंबर माथ्याजवळ. पंचवीस किलोमीटरमध्ये अठराशे मीटरची चढण. रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला, तो घोडागाड्यांसाठी. म्हणून चढ फारसा छातीवर येत नाही, पण वळणं लहान आहेत. बसला अख्खं वळण लागतं ते त्यामुळेच.

आता ते उजवं वळण. समोर दगडी कठड्याची भिंत येते आणि रस्ता उजव्या खांद्यामागे, डोक्याच्या वर निघून जातो. आतली कड सगळ्यात उभी असते. तिथे सरळ घुसलं तर एका गाडीच्या लांबीत चढ दुप्पट होतो, वेग मरतो, इंजिन आचका देऊन बंद पडतं. गाडी उजवीकडे कललेली असते. टेकायला उजवाच पाय लागतो, रस्ता आतल्या बाजूला उतरता असल्याने जमीन खोल असते, आणि तो पाय खाली गेला की मागचा ब्रेक सुटतो. गाडी मागे सरकायला लागते, हात आपोआप पुढचा ब्रेक दाबतो, हँडल वळलेलं असतं आणि २२० किलो उजवीकडे झोपतात. या घाटात गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच, शून्य वेगाला.

यावर उपाय वळणाच्या आधीच करायचा असतो. अलीकडच्या सरळ पट्ट्यावरून वर बघा : पुढचे दोन टप्पे भिंतीवर मांडल्यासारखे दिसतात, कोण उतरतंय ते तिथेच कळतं. बस किंवा कॅम्पर (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) वळणाजवळ आलेला असेल तर वळणाच्या वीस मीटर अलीकडे, गाडी सरळ आणि रस्ता कमी चढाचा असताना, डावा पाय टेकून थांबा. मागच्या ब्रेकवर उजवा पाय राहू द्या. रस्ता मोकळा असेल तर ब्रेक सरळ रेषेत संपवा, पहिला गिअर आधीच टाका, आपल्या लेनच्या डाव्या कडेने, मधल्या रेषेपर्यंत रुंद जा. आत वळायची घाई करू नका. वळणाचा शेवट दिसला की मगच गाडी आत सोडा. इंजिन २,५०० ते ३,००० फेऱ्यांवर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका दाब. बाहेर पडताना क्लच पूर्ण सोडला की गाडी स्वतःच उभी होते.

त्राफोईच्या वर एका उजव्या वळणाशी पिवळसर बस उतरत होती. चालकाने हॉर्न दिला, मी अलीकडे थांबलो. बसचं तोंड माझ्या हँडलपासून हातभर अंतरावरून फिरलं, तिचा मागचा कोपरा कठड्याला जवळजवळ लागून गेला, आणि चालकाने दोन बोटं उचलली. त्या वेळी मी वळणात असतो तर जायला जागाच नव्हती.

डाव्या वळणाला रस्ता भरपूर असतो आणि तिथली चूक वेगळी आहे. मोकळी जागा बघून मधली रेषा ओलांडली जाते, आणि वरून येणारा तीच रेषा कापत येत असतो. आपल्या लेनमध्येच राहा.

क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी यंत्रणा) असला तरी हेअरपिनमध्ये क्लचनेच गिअर बदला; कमी फेऱ्यांवर तो झटका देतो. रायडिंग मोड सौम्य ठेवला, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चालू. पुढे २,१८८ मीटरवरच्या फ्रान्झेन्सह्योहे या ठिकाणानंतर झाडं संपतात आणि उरलेली वळणं एकाच उघड्या भिंतीवर एकावर एक रचलेली दिसतात. डावीकडे ३,९०५ मीटरचा ऑर्टलर, बर्फाने भरलेला. इथवर आल्यावर छाती दडपते खरी, पण एकेक आकडा उतरताना बघितला की मन स्थिर होतं.

याच टप्प्यात गाडी दमल्यासारखी वाटते. बिघाड समजू नका. या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास पाव भाग विरळ असते. इंजेक्शनचे सेन्सर पेट्रोल त्या प्रमाणात कमी करतात, पण नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? शक्तीही तेवढीच घटते. त्यामुळे ओव्हरटेकला खालच्यापेक्षा जास्त अंतर धरा. सायकलस्वार शेकड्याने असतात आणि चढाला ते तोल सांभाळत थोडे डावे-उजवे होतात. दीड मीटर अंतर सोडता येत नसेल तर पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत त्यांच्या मागे राहा. वळणात कधीच नाही.

साडेसातच्या सुमारास माथा. दोन अंश तापमान, बोटं बधिर, गरम ग्रिप असूनही. पार्किंगची जागा उतरती आहे. गाडीचं तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये ठेवूनच स्टँडवर लावा. पाणी प्या, डोकं हलकं दुखू शकतं. साडेनऊनंतर वरची गर्दी वाढत जाते आणि दुपारी गडगडाटी पाऊस येण्याची शक्यता असते, तेव्हा तासाभरात निघालेलं बरं.

उतरायला आल्या वाटेने न जाता पलीकडच्या बोर्मियो गावाच्या बाजूला तीनेक किलोमीटर उतरून उजवीकडे उम्ब्राइल खिंड धरली. २,५०१ मीटर, तिथेच स्वित्झर्लंडची हद्द. पासपोर्ट, परवाने आणि गाडीचे कागद वरच्या खिशात ठेवा. या वाटेवर मोटरवे नाही, म्हणून ४० फ्रँकचं स्विस विन्येट लागत नाही. हा रस्ता पूर्ण डांबरी झाला तो २०१५ मध्ये. अरुंद आहे, खाली जंगलात सावलीत ओल राहते, गुरांसाठीच्या लोखंडी जाळ्या आडव्या येतात. त्या गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता ओलांडायच्या. निळ्या फलकावर पिवळा बिगुल दिसला की त्या रस्त्यावर पोस्ट बसला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बसला, मान. तिचा चालक सांगेल ते ऐकायचं. दोन गाड्या मावत नसतील तर थांबायचं उतरणाऱ्याने.

उतारावर गिअर दुसरा, आवळ वळणाला पहिला, आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडायचा. सतत हलका दाब ठेवला की पॅड आणि डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी मानक १५५ अंशच मागतं. उकळलं की बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखं आत जातं. तसं जाणवलं तर लगेच थांबा, लिव्हर भराभर पंप करा आणि अर्धा तास गाडी हलवू नका. उतारावर वजन पुढे असल्याने हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबणं चढापेक्षा जास्त धोक्याचं. वेग वळणाआधी कमी करा, वळणात फक्त मागचा.

सांता मारियाला उतरलो तेव्हा डिस्कजवळ हात नेला तर दूरवरूनच धग लागत होती. करपल्याचा वास मात्र नव्हता. तिथे पंधरा मिनिटं थांबलो. पुढे म्युस्टायर, पुन्हा इटलीची हद्द, ग्लोरेन्त्सा आणि साडेअकराच्या आत परत प्रातो. फेरी साठेक किलोमीटरची, पेट्रोल चार लिटरच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी इन्सब्रुकला गाडी परत केली. टाकी भरल्याची पावती जपून ठेवा आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहून सहीची प्रत घ्या. कार्डावर अडकवलेली अनामत अकरा दिवसांनी सुटली. तोवर खात्यात तेवढी जागा मोकळी राहील असा हिशोब आधीच करून ठेवा.